नाम, अंक आणि मौन : घरगुती इंटरनेटवरील एका अनियमित दोषाची चिकित्सा

गतवर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने परीक्षेचा अर्ज मुदतीत न भरल्याचे कारण देताना सांगितले की, त्या सायंकाळी कोराडीतील तिच्या घरी व्हॉट्सॲपवरील संदेश येत-जात होते, परंतु अर्जाचे संकेतस्थळ मात्र उघडत नव्हते. ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत असे समजून प्रस्तुत लेखकाने तिचे म्हणणे अमान्य केले व तिला विलंबशुल्क भरावे लागले. पुढे पावसाळ्यात, कोराडीतच राहणाऱ्या लेखकाच्या घरी तोच प्रकार घडू लागला, तेव्हा तो निर्णय अज्ञानमूलक होता हे ध्यानात आले.

इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांस अंकांनी ओळखतात. नावे केवळ माणसांच्या सोयीसाठी असतात. नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस होय. तत्पूर्वी सर्व नावांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि इतरांनी तिची प्रत उतरवून घ्यावी असा परिपाठ होता. तो अपुरा पडू लागल्यावर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी अनेक ठिकाणी विभागलेल्या कोशाची रचना मांडली. टपालाचा पत्ता आपण घरापासून जिल्ह्यापर्यंत लिहितो आणि टपालखाते तो जिल्ह्यापासून घराकडे वाचते. डीएनएसमधील शोधही तसाच नावाच्या शेवटच्या पदापासून सुरू होतो. २०१४ पासून हे शेवटचे पद देवनागरीत '.भारत' असेही लिहिता येते. मात्र आत ते रोमन अक्षरांच्या एका बेढब मालिकेच्या रूपानेच प्रवास करते, ही गोष्ट भाषाभ्यासकांस खटकल्यावाचून राहत नाही.

आता विद्यार्थिनीच्या विधानाकडे वळू. व्हॉट्सॲपचा संबंध एकदा अंकाच्या आधारे जोडला गेला की तो टिकून राहतो. प्रत्येक संदेशासाठी नाव पुन्हा विचारावे लागत नाही. नवे संकेतस्थळ उघडताना मात्र नावाचा अर्थ प्रथम लावावा लागतो. म्हणजे वाहिनी अखंड असूनही कोश मुका असू शकतो. तिचे विधान असंभवनीय नव्हते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दोष अधूनमधूनच का जाणवतो, हा खरा जिज्ञासेचा प्रश्न आहे. मिळालेले उत्तर ठरावीक काळ स्मरणात ठेवले जाते, त्यामुळे नुकतेच पाहिलेले संकेतस्थळ दोष असतानाही उघडते. शिवाय प्रश्न बहुधा यूडीपी या पद्धतीने जातो. त्यात पोच मिळण्याची तजवीज नसल्याने प्रश्न वाटेत हरवला तरी ते कोणी कळवीत नाही. येथे नकार आणि मौन यांतील भेद महत्त्वाचा आहे. 'असे नाव अस्तित्वात नाही' हे एक पूर्ण उत्तर आहे. ते आल्यास आपले शुद्धलेखन तपासावे. काहीच उत्तर न येणे ही निराळी अवस्था होय, आणि आपला दोष या दुसऱ्या वर्गातील होता.

परीक्षा दोष चालू असतानाच केली पाहिजे; नंतर केलेली परीक्षा व्यर्थ होय. प्रथम पिंग आज्ञेने ८.८.८.८ या अंकास साद घातली. प्रतिसाद आला, म्हणजे वाहिनी ठीक होती. (तो न आल्यास डीएनएसचा विचार सोडून तारेकडेच पाहावे.) मग एनएसलुकअप या आज्ञेने, त्या दिवशी घरात कोणी न उघडलेले एक नाव विचारले, उत्तर नाही. तेच नाव थेट ८.८.८.८ कडे विचारताच उत्तर मिळाले. राउटरमध्ये सेवादात्याकडून आलेले दोन डीएनएस सर्व्हरांचे पत्ते होते. दोहोंस निरनिराळे विचारले असता एक नेहमी उत्तर देई, दुसरा सायंकाळी बहुतेक वेळा गप्प राही. राउटर ज्या वेळी या मौनी सर्व्हरास विचारी, त्या वेळी वाट पाहण्यातच मुदत संपून जाई. राउटर बंद करून पुन्हा चालू केल्यावर काही काळ सारे सुरळीत चाले, त्यामुळे दोष राउटरचाच असा भ्रम आम्ही तीन आठवडे बाळगला.

ते दोन्ही पत्ते काढून १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे सार्वजनिक सर्व्हर राउटरमध्ये लिहिल्यापासून दोष उद्भवलेला नाही. विद्यार्थिनीच्या घरी नेमके हेच घडले असे आता सिद्ध करता येणार नाही. तथापि तिच्या अर्जावर लेखकाने मारलेला 'सबब असमाधानकारक' हा शेरा मागे घेऊन विलंबशुल्क परत करावे, असे टिपण विभागप्रमुखांकडे पाठविले आहे.