पेटी गार करत नाही, गारवा राखते

जानेवारी ते एप्रिल हा नाशिक जिल्ह्यात द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम. माल सकाळच्या गारव्यात तोडतात, पॅकहाउसला आणतात, निवडून खोक्यांत भरतात. पण भरलेलं खोकं लगेच कंटेनरमध्ये चढत नाही. आधी प्री-कूलिंग. सहा ते आठ तास खोक्यांमधून थंड हवा जोरानं खेचली जाते, मण्याच्या गराचं तापमान ४ अंशांच्या खाली येतं, मग शून्य-एक अंशाच्या खोलीत साठवण आणि त्यानंतर कंटेनर. कारण समुद्रानं रॉटरडॅमला निघालेल्या कंटेनरचं यंत्र गार माल गार ठेवण्यापुरतंच असतं. तापलेला माल थंड करणं त्याच्या कुवतीबाहेरचं आहे.

अशाच एका पॅकहाउसमध्ये मी तापमानाच्या नोंदी ठेवते. त्यामुळे घरची मंडळी तंबूत राहायला निघाली की आइसबॉक्स भरायचं काम न सांगता माझ्याकडे येतं. लोक या पेटीकडून फ्रीजची अपेक्षा करतात. कंटेनरला निदान यंत्र तरी असतं. पेटीला असतात फक्त भिंती, आणि भिंती उष्णता थोपवतात, बाहेर काढत नाहीत. तुम्ही आत जे तापमान भराल तेच ती राखणार. ही गोष्ट पटली की कोणती पेटी घ्यावी आणि ती कशी भरावी, दोन्ही प्रश्न निम्मे सुटतात.

आमची नेहमीची वाट भंडारदऱ्याची. नाशिकहून मुंबई महामार्गानं घोटी, तिथून वळून बारीवरून शेंडी. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागचा आर्थर लेक आणि त्याच्या काठानं मुरशेत, पांजरे, घाटघरपर्यंत तंबूंच्या जागा. मेअखेरीपासून पाऊस पक्का बसेपर्यंत काजवे बघायला गर्दी होते. बर्फासाठी मात्र हा काळ वाईट. ऊन सरलेलं नसतं, हवा दमट असते, आणि घोटी मागे पडल्यावर वाटेत बर्फ मिळेलच असं धरून चालत नाही.

बर्फाचा हिशेब

एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक लिटर पाणी एक अंशानं थंड करायला एक किलोकॅलरी काढावी लागते. आता दुकानातून घेतलेल्या, ३० अंशांच्या, लिटरभराच्या दहा बाटल्या पेटीत टाकल्या आणि त्या ५ अंशांवर आणायच्या आहेत असं समजा. २५० किलोकॅलरी झाल्या, म्हणजे जवळपास तीन किलो बर्फ. सहल सुरू होण्याआधीच तो संपला. त्याच बाटल्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवल्या असत्या तर हे तीन किलो वाचले असते.

पेटीचंही तसंच. वर्षभर माळ्यावर तापत पडलेली पेटी खाली उतरवून थेट भरली, तर तिचं प्लॅस्टिक आणि फोम थंड करण्यातच अर्ध्या किलोच्या आसपास बर्फ जातो. म्हणून मी आदल्या संध्याकाळी तिच्यात गोठवलेल्या दोन बाटल्या टाकून झाकण लावते. सकाळी त्या काढून खऱ्या बाटल्या भरते. आमच्याकडे याचंही नाव प्री-कूलिंगच.

उरलेला बर्फ भिंती खातात. इंचभर फोमच्या साधारण २५ लिटरच्या पेटीत, आपल्या उन्हाळ्यात, भिंतींमधून झिरपणारी उष्णता दिवसाला चारेक किलो बर्फ वितळवते, असा माझा हिशेब आहे. पेटी उन्हात असेल तर जास्त. एका रात्रीच्या मुक्कामाला पाच-सहा किलो बर्फ लागतो, तो यामुळे.

झाकणाबद्दल मात्र माझं मत घरात कुणालाच आवडत नाही. पोरांनी पेटी उघडली की मोठी माणसं ओरडतात. पण एकदा उघडल्यानं पेटीतली सगळी हवा बदलली, तरी ती गरम दमट हवा थंड करायला दहा ग्रॅमही बर्फ लागत नाही. शिवाय थंड हवा जड असते, वरून उघडणाऱ्या पेटीत ती तळाशीच बसते. नुकसान होतं ते झाकण उघडं टाकून ‘पनीर कुठं ठेवलंय?’ म्हणत उलथापालथ करण्यात, आणि त्याहून जास्त, गार बाटली काढल्यावर तिच्या जागी कोमट बाटली ढकलण्यात. ओरडायचंच असेल तर त्यावर ओरडा.

लादी, तुकडे की बाटल्या

१८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्यानं बोस्टनहून कलकत्त्याला ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात जहाजानं विषुववृत्त दोनदा ओलांडलं, तरी शंभरेक टन बर्फ शाबूत पोचला. यंत्र काहीच नव्हतं. तळ्यातून कापलेल्या मोठ्या लाद्या, एकमेकींना खेटून रचलेल्या, भोवती लाकडाचा भुसा. पुढे मद्रासमध्ये १८४२ साली याच बर्फासाठी बांधलेलं आइस हाउस अजून उभं आहे.

त्यातला धडा आजही चालतो. बर्फाचा गोळा जितका मोठा, तितका वजनाच्या मानानं त्याचा उघडा पृष्ठभाग कमी, आणि तितका तो सावकाश वितळतो. लादी टिकते, तुकडे झटपट गार करतात. तळाला लादी आणि फटींमध्ये तुकडे, ही रचना उत्तम. पण कारखान्याची लादी कशापासून बनली आहे ते बघा. खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम २०१८ साली आला. निळा दिसला तर तो फक्त गारव्यासाठी. पांढरा असला तरी मी लादी जाड पिशवीत बांधून ठेवते आणि पेल्यात तिचा तुकडा टाकू देत नाही.

घरच्यासाठी सगळ्यात सोयीचा बर्फ म्हणजे पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या. वितळलेलं पाणी डब्यांत शिरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच प्यायला मिळतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरू नका. काचेची तर गोठवूच नका. घरगुती फ्रीजरला लिटरच्या बाटल्या पार आतपर्यंत गोठवायला रात्रभर पुरेलच असं नाही. दोन दिवस आधी ठेवा.

मीठ टाकलं की बर्फ जास्त टिकतो, हा समज चुकीचा आहे. मिठानं बर्फ शून्याच्या खाली उतरतो, पण वितळतोही लवकर. कुल्फीच्या भांड्याला ते हवं असतं, आपल्या पेटीला नको.

पेटी निवडताना

गेल्या वर्षी धाकटे दीर पन्नास लिटरची, जाड भिंतींची महागडी पेटी घेऊन आले. “वहिनी, पाच दिवस बर्फ टिकतो, तसं लिहिलंय हिच्यावर.”

“भाऊजी, टिकत असेलही. पण त्या पाच दिवसांत पेटी कुणी उघडली नसेल, आत बर्फाशिवाय काही नसेल आणि ती सावलीत असेल. आपल्याकडे यातलं काय होणार आहे?”

पेटी वाईट नव्हती, फक्त आमच्या कामाची नव्हती. भरल्यावर ती दोघांनाही उचलेना आणि गाडी ते तंबू अंतर शेताच्या बांधावरून. अर्धी रिकामी पेटी नेणं तर आणखी तोट्याचं, कारण भिंती मोठ्या आणि बर्फ थोडा. चौघांच्या एका रात्रीला २५ ते ३० लिटरची पेटी पुरते. माणसं जास्त असतील तर एका मोठ्या पेटीपेक्षा दोन लहान बऱ्या. एक पाण्या-सरबताची, सतत उघडली जाणारी. दुसरी स्वयंपाकाची, दिवसातून तीन-चारदाच उघडायची.

दुकानात मी किंमत नंतर विचारते, आधी झाकणावर टिचकी मारते. बऱ्याच स्वस्त पेट्यांच्या भिंतींत फोम असतो आणि झाकण मात्र पोकळ. आवाज लगेच सांगतो. मग कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढायची. ती सहज सुटली तर झाकण नीट बसत नाही, मग भिंत कितीही जाड असो. पाणी काढायचं बूच आहे का, बिजागरी पत्र्याची की नुसती प्लॅस्टिकची घडी, आणि कडी हाताला कापते का, हेही तपासावं. रंग पांढरा किंवा फिका घ्यावा.

पीयू फोम त्याच जाडीच्या थर्मोकोलपेक्षा बराच चांगला उष्णतारोधक. पण थर्मोकोलची पेटी अगदीच टाकाऊ नव्हे. एका दिवसाच्या सहलीला ती पुरते. मात्र ती फुटते, मासळीचा वास धरते, आणि तिचे दाणे रानात सांडले की गोळा होत नाहीत. अभयारण्याच्या हद्दीत मी ती नेत नाही. अस्तराची मऊ पिशवी कळसूबाई चढताना पाठीवर घ्यायला ठीक, मुक्कामाला अपुरी.

गाडीच्या बारा व्होल्टवर चालणाऱ्या पेट्यांमध्ये दोन जाती आहेत. कॉम्प्रेसरवाली म्हणजे खरा छोटा फ्रीज, किंमतही तशीच. दुसरी थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे स्वस्त आणि हलकी. ती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाते. नाशिकच्या ४० अंशांच्या दुपारी याचा अर्थ आत वीसच्या वर. तेवढ्यावर सरबत गोड लागेल, कोंबडी मात्र नासेल.

काय भरायचं, कसं भरायचं

पेटीत जागा कमाईनं मिळाली पाहिजे. कांदे, बटाटे, टोमॅटो, लिंबं, भाकरी, ठेचा, सुकी चटणी यांना बर्फ नको. दूध, दही, पनीर, ओल्या नारळाची चटणी, मटण-कोंबडी यांना हवाच. आणि गोठवता येईल ते गोठवून न्यावं. नाशिकच्या माणसाला मिसळीवाचून सकाळ होत नाही, म्हणून आमचा रस्सा घट्ट डब्यात गोठवलेला असतो. रात्रभर तो बर्फाचं काम करतो, सकाळी पातेल्यात उलटतो. मसाला लावलेली कोंबडीही तशीच. मोड आलेली मटकी मात्र गोठवायची नाही, वरच्या थरात ठेवायची.

तळाशी बर्फ आणि कच्चं मांस, दोन पिशव्यांत बांधून, म्हणजे रस गळला तरी दुसऱ्या कशावर जाणार नाही. त्यावर डबे, सर्वांत वर आधी लागणारं. उरलेल्या पोकळीत टॉवेल. काजव्यांच्या दिवसांत ही रचना आणखी महत्त्वाची होते, कारण प्रखर उजेडानं काजवे विचलित होतात आणि पेटीत डोकावायला मोठी बॅटरी लावणं बरं नव्हे. कोणत्या कोपऱ्यात काय आहे हे हाताला माहीत असावं.

एक साधा डिजिटल थर्मामीटर आत ठेवा. ५ अंशांपर्यंत सगळं ठीक. त्याच्या वर गेलं की घड्याळ बघायला लागा. दूध-मांस कोमट अवस्थेत दोन तासांहून जास्त राहिलं, कडक उन्हाळ्यात तासाभराहून जास्त, तर ते टाकून द्यावं. वास येत नाही हा पुरावा धरू नये.

वितळलेलं पाणी लगेच सोडायची घाई नको. बर्फासोबतचं पाणी शून्याच्या जवळ असतं आणि बाटल्यांना हवेपेक्षा चांगलं गार ठेवतं. डब्यांत शिरायला लागलं तरच बूच काढा. पेटी झाडाखाली, जमिनीपासून दोन विटांवर ठेवा. एप्रिलच्या कोरड्या हवेत तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं तर माठासारखाच बाष्पीभवनाचा फायदा मिळतो. जूनच्या दमट हवेत तो फायदा जवळजवळ नसतो. रात्री पेटी गाडीत, बंद. कुत्री, माकडं आणि रानातली इतर मंडळी झाकण उघडायला शिकलेली असतात.

घरात कुणाला इन्सुलिन लागत असेल तर एक गोष्ट लसीकरणवाल्यांकडून शिकावी. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आरोग्यसेविका लशींची जी छोटी पेटी नेतात, तिच्यात बर्फाचे चार पॅक असतात. फ्रीजरमधून काढलेले पॅक त्या लगेच आत घालत नाहीत. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब येईपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवतात. लशीला २ ते ८ अंश हवेत, आणि काही लशी गोठल्या की निकामी होतात. इन्सुलिनचंही तसंच. ते कोरड्या रुमालात गुंडाळून, वेगळ्या डब्यात, बर्फाला न टेकता ठेवावं.

परतल्यावर दमलेल्या अवस्थेतही एक काम त्याच दिवशी करावं. पेटी साबणानं धुऊन, खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून, सावलीत झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवायची. वाळायला दोन दिवस गेले तरी चालतील. ओली पेटी झाकण लावून माळ्यावर टाकली, तर आत धरलेला वास पुढच्या सहलीच्या दह्यालाही लागतो.