पारा : त्याचे गुण आणि अवगुण

ताप पाहण्याची कांचेची नळी हातून निसटून फरशीवर फुटली, कीं घरांतील मुलें आधीं धांवतात तीं तिच्यांतून सांडलेल्या रुपेरी थेंबांकडे. बोट लावावें तर थेंब पळतो, दोन थेंब जवळ आणावे तर ते चटकन् एक होतात, आणि फरशी मात्र कोरडीच राहते.

सामान्य उष्णतामानांत द्रवरूप असणारा धातु हा एकच होय. गॅलियम नांवाचा धातु नागपूरच्या उन्हाळ्यांत वितळेल खरा; परंतु कडाक्याच्या थंडींतहि वाहत राहण्याचा मान पाऱ्याचाच. शून्याखालीं सुमारें ३९ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरल्यावांचून तो गोठत नाहीं. जड तर इतका कीं, एक लिटर पारा साडेतेरा किलोंहून अधिक भरतो. लोखंडाचा गोळा त्यावर लाकडासारखा तरंगतो. या जडपणाचा उपयोग इटलींतील टॉरिचेली यानें १६४३ सालीं केला. हवेचा भार पाण्याच्या स्तंभानें तोलावयाचा तर नळी दहा मीटरांहून उंच घ्यावी लागते. पाऱ्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटरांवरच स्थिरावतो. रक्तदाब सांगतांना डॉक्टर आजहि पाऱ्याच्या मिलिमीटरांचेच आंकडे बोलतात, मग यंत्रांत पाऱ्याचा थेंबहि नसो.

उष्णतामापकाच्या कामीं त्याचे दुसरे गुण आले. उष्णतेनें तो बऱ्याच अंशीं सारख्या प्रमाणांत प्रसरण पावतो आणि कांचेला चिकटत नाहीं. ताप पाहण्याच्या नळींत आणखी एक युक्ति असते : खालच्या फुग्याजवळ तिचें छिद्र अतिशय अरुंद केलेलें असतें. पारा तापून वर चढतो. पण निवतांना त्या ठिकाणीं त्याची धार तुटते व वरचा भाग जागच्या जागीं राहतो. म्हणूनच नळी तोंडांतून काढल्यावर सावकाश वाचतां येते आणि पुढच्या वेळीं ती झटकावी लागते. पुष्कळ नळ्या या झटकण्यांतच फुटल्या आहेत!

न चिकटतां विखुरण्याचा हाच गुण मग अवगुण ठरतो. बारीक कण फरशीच्या सांध्यांत, गादीच्या शिवणींत शिरतात व तेथें त्यांची वाफ होत राहते. पारा ३५७ अंशांस उकळतो हें खरें. पण वाळत घातलेलें धोतर कांहीं पाणी उकळण्याची वाट पाहत नाहीं. या वाफेला रंग नाहीं, वास नाहीं. मुलानें थेंब गिळला तर आईची गाळण उडते. वस्तुतः धातुरूप पारा आंतड्यांतून जवळजवळ सगळा तसाच बाहेर पडतो. (कांचेचा तुकडा गेला असेल, यासाठीं डॉक्टरांस दाखवावें हें उत्तम.) श्वासावाटे गेलेली वाफ मात्र बहुतांशीं रक्तांत उतरते आणि मेंदूपर्यंत पोंचते. ती दीर्घकाळ पोटांत नव्हे, छातींत जात राहिली, तर हात कांपूं लागतात, स्वभाव चिडखोर होतो, स्मरण मंदावतें.

म्हणून फुटलेल्या नळीजवळ केरसुणी आणूं नये. तिनें एका थेंबाचे शंभर होतात. मुलांना दुसऱ्या खोलींत पाठवावें, खिडक्या उघडाव्या, हातांतील अंगठी काढावी, कारण सोनें पाऱ्याशीं मिसळून पांढरें पडतें. मग पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनीं थेंब एकत्र लोटून घट्ट झांकणाच्या बाटलींत भरावे. फटींतील कणांवर गंधकाची पूड टाकतात. पारा व गंधक खलून काळी कज्जली करण्याची रीत वैद्यांस शेंकडों वर्षें ठाऊक आहे. गंधकाशीं बांधला गेलेला पारा सहजासहजीं उडत नाहीं.

ही बाटली मोरींत मात्र ओतूं नये. पाण्याच्या तळच्या गाळांत सूक्ष्म जंतु पाऱ्याचें मेथिल पाऱ्यांत रूपांतर करतात आणि तें विष माशांच्या शरीरांत सांचत जातें. जपानांतील मिनामाता येथें एका कारखान्याच्या सांडपाण्यांतून मेथिल पारा समुद्रांत गेला. मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या घरांतील रोग १९५६ सालीं उघडकीस आला. त्या गांवाच्या नांवानें २०१३ मध्यें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांत पाऱ्याचे उष्णतामापक व वायुभारमापक यांचें उत्पादन थांबविण्याचें ठरलें. जुन्या नळ्या अजून कपाटांत आहेत. त्यांतील एखादी फुटलीच, तर भरलेली बाटली घरगुती घातक कचरा म्हणून निराळी द्यावी.