मांडी घालून बसलेले पाद्री

पुण्याला आश्रमांचं अप्रूप नाही. पण शिवाजीनगरात, म्हणजे जुन्या भांबुर्ड्यात, एक आश्रम ख्रिस्ताच्या नावाचा आहे: ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम. विलायतेत शिकलेली तरुण मंडळी इथे सेवेच्या ओढीने येत आणि त्यांची पहिली परीक्षा राहणीमानातच होई. अंगावर खादी, ताटात शाकाहारी जेवण आणि बसायला जमीन. खुर्चीटेबलावर वाढलेल्या माणसाला मांडी घालून जेवणं म्हणजे काय, ते गुडघ्यांनाच विचारावं!

हा रिवाज घालणारा जॅक विन्स्लो स्वतः अँग्लिकन पाद्री. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला आणि नगर जिल्ह्यात काम करू लागला. बंगल्यात साहेबी थाटात राहायचं आणि गावात जाऊन बंधुभाव सांगायचा, हे त्याला खुपू लागलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण त्याच्यासमोर होतं. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांत टिळक गेले. विन्स्लोने १९२३ मध्ये त्यांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं, पण त्याआधीच, १९२२ मध्ये, नगर जिल्ह्यात त्याने ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला होता. गोरे आणि देशी एका छपराखाली, एका पंगतीत. पुढे १९२७ च्या सुमारास संघाने भांबुर्ड्यात बस्तान बसवलं.

त्याच वर्षी ऑक्सफर्डहून व्हेरिअर एल्विन आला. हा बिशपचा मुलगा, धर्मशास्त्राचा हुशार विद्यार्थी. काही महिन्यांतच तो साबरमतीला जाऊन गांधीजींना भेटला आणि पार बदलून गेला. १९३० चा सत्याग्रह पेटला तेव्हा त्याने ‘ख्राइस्ट अँड सत्याग्रह’ ही पुस्तिका लिहिली. मग सरकारचा रोष ओढवायला काय उशीर! १९३१ मध्ये विन्स्लो आणि एल्विन यांचं भारताच्या स्वातंत्र्यावरचं पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना यॉर्कच्या आर्चबिशपांची. राज्यकर्त्यांच्याच चर्चचे पाद्री राज्यकर्त्यांना खडे बोल सुनावत होते.

एल्विन पुढे मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये जाऊन राहिला, मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आला. सोबत होते आश्रमातलेच शामराव हिवाळे. तिथल्या शाळा-दवाखान्याचा रोजचा कारभार त्यांनी सांभाळला. १९४६ मध्ये नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर इंग्रजी पुस्तकही लिहिलं. एल्विनचे चरित्रग्रंथ निघाले. हिवाळ्यांचं नाव मात्र त्यांच्या स्वतःच्या मराठी मुलखात किती जणांना ठाऊक आहे? ही उपेक्षा मला अजिबात पटत नाही.

एकत्र राहणं सोपं नव्हतंच. ब्रह्मचारी व्रतस्थांचा संघ की गृहस्थांनाही सामावणारा, यावरून १९३४ मध्ये फूट पडली. व्रतस्थांनी ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ हे नाव घेतलं आणि पुण्याचा आश्रम त्यांच्याकडे राहिला. विन्स्लो त्याच वर्षी मायदेशी परतला. आणखी एक गंमत अशी, की आश्रमातले आल्जी रॉबर्टसन इंग्लंडला गेले ते इथली शिस्त बरोबर घेऊनच. तिथल्या अँग्लिकन फ्रान्सिस्कन संघाच्या नियमावलीत ती उतरली. शिकवायला आलेले असे शिकून गेले.

कालांतराने इथली वर्दळ ओसरली. १९७२ मध्ये आश्रम पुन्हा जागता केला तो बायकांनी: वाँटेजच्या अँग्लिकन परंपरेतल्या सिस्टर्स आणि सेक्रेड हार्टच्या कॅथलिक सिस्टर्स. शतकानुशतकं फटकून वागलेली ही दोन चर्चं. त्यांच्या सिस्टर्स इथे एकत्र नांदू लागल्या. त्यांत वंदना माताजी जन्माने पारशी, तर सारा ग्रँट शंकराचार्यांच्या अभ्यासक. मुंबईच्या सोफिया कॉलेजात ग्रँटबाईंनी तत्त्वज्ञान शिकवलं होतं. प्रार्थनेत बायबलबरोबर उपनिषदंही वाचली जाऊ लागली. काही कडव्या ख्रिस्ती मंडळींना हे रुचलं नाही, आणि काही हिंदूंनाही यात डाव दिसला. ग्रँटबाईंनी स्वतःला ‘अद्वैती ख्रिस्ती’ म्हणवून घेणं काही सोडलं नाही.