हाडाशी एकजीव होणारी प्रत्यारोपणे आणि सिकलसेलचे रुग्ण

छत्तीसगड आणि त्याला लागून असलेल्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. रायपूर येथे या विकारासाठी स्वतंत्र संस्था कार्यरत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू करण्यात आली. रक्तक्षय आणि तीव्र वेदना ही या विकाराची परिचित लक्षणे होत. त्यामुळे खुब्याच्या सांध्याची होणारी हानी मात्र तुलनेने कमी चर्चिली जाते.

या विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाकार टोकाचा रक्तपुरवठा अशा रीतीने खंडित झाल्यास तेथील हाड मृत होते आणि कालांतराने खचते. हे अनेकदा ऐन तारुण्यात घडते. अशा रुग्णाला कृत्रिम सांधा बसविल्यास तो पुढे कित्येक दशके टिकणे आवश्यक असते. म्हणूनच प्रत्यारोपणाचे साहित्य कोणते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

शरीरात बसविलेल्या परक्या वस्तूभोवती सामान्यतः तंतुमय ऊतींचे वेष्टण तयार होते. वस्तू आणि हाड यांच्यामध्ये हे वेष्टण आल्यास पकड सैल होण्याचा धोका असतो. जैवसक्रिय साहित्य मात्र हाडाशी थेट बंध निर्माण करते. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे प्राध्यापक लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये असा पहिला काच-पदार्थ तयार केला. त्यात सिलिका ४५ टक्के, कॅल्शियम ऑक्साइड व सोडियम ऑक्साइड प्रत्येकी २४.५ टक्के आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के होते. शरीरद्रवाच्या संपर्कात येताच या काचेतून सोडियम व कॅल्शियम बाहेर पडतात. तिच्या पृष्ठभागावर प्रथम सिलिकाचा आणि नंतर हाडातील खनिजासारखा कॅल्शियम फॉस्फेटचा थर जमतो. या थरावर अस्थिपेशी नवे हाड रचतात.

काच ठिसूळ असल्याने तिच्यावर शरीराचा भार टाकता येत नाही. त्यामुळे अशा साहित्याचा वापर पोकळी भरण्यासाठी किंवा धातूवरील लेपासाठी होतो. टायटॅनियमच्या दांड्यावर हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या अस्थिखनिजसदृश पदार्थाचा लेप दिलेले, सिमेंटविरहित कृत्रिम खुबे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहेत. भारतात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने अशा जैवसिरॅमिक साहित्यावर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

तथापि हे साहित्य मूळ विकार बरा करीत नाही. बंध जुळण्यासाठी भोवतालचे हाड जिवंत असावे लागते. सिकलसेलच्या रुग्णांत जंतुसंसर्गाचा धोकाही अधिक असतो. हाड खचण्यापूर्वी निदान झाल्यास छिद्र पाडून आतील दाब कमी करणे आणि ती पोकळी भरणे, असा पर्याय शल्यविशारदांपुढे असतो. हाड खचल्यानंतर त्याचा फारसा उपयोग होत नाही. प्रारंभीच्या अवस्थेत क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते, मात्र एमआरआय तपासणीत बिघाड आढळतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने जांघेतील सततच्या वेदनेकडे दुर्लक्ष न करता वेळीच तपासणी करून घेणे हितावह आहे.