शस्त्रक्रियेची इंग्रजी परिभाषा

संमतिपत्रावर सही करताना त्यातील इंग्रजी शब्द पाहून रुग्णाचे नातेवाईक पुष्कळदा गोंधळून जातात. वस्तुतः या शब्दांचे मर्म त्यांच्या अखेरीस असते. नुसते ‘टॉमी’ म्हणजे छेद घेणे, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढून टाकणे, आणि ‘स्टॉमी’ म्हणजे नवे मुख करणे. हे तिन्ही प्रत्यय मूळचे ग्रीक होत. ‘गॅस्ट्रेक्टॉमी’त जठर अंशतः वा संपूर्ण काढतात, ‘गॅस्ट्रॉस्टॉमी’त जठर जागीच राहते, त्यास छिद्र पाडून नळीने अन्न देण्याची सोय करतात. उच्चारात साम्य, परिणामात केवढे अंतर!

‘प्लास्टी’ म्हणजे घडविणे. ‘राइनोप्लास्टी’ म्हणजे नाक घडविणे. कपाळाच्या त्वचेचे नाक बसविल्याचा पुण्याकडील वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आला. त्याच पद्धतीने १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी इंग्लंडात शस्त्रक्रिया केली. म्हणजे शब्द ग्रीक असला, तरी विद्या आपल्याकडून गेलेली आहे.

तथापि शब्द उमगला म्हणून विचारणे थांबवू नये. काय काढणार आणि काय राखणार, हे सही करण्यापूर्वी डॉक्टरांकडून स्वभाषेत समजावून घ्यावे.