यंत्राची थरथर आणि तिचे वाचन



ज्यांच्या घराशेजारी पिठाची गिरणी आहे त्यांना एक अनुभव असेल. गिरणीचा आवाज रोज कानांवर पडून पडून तो ऐकूच येईनासा होतो; परंतु एखाद्या दिवशी त्यात किंचित फरक पडला, की घरातली आजीदेखील म्हणते, "आज गिरणीचं काही खरं दिसत नाही." आजींना यंत्रशास्त्र येत नसते. त्यांना कालचा आवाज ठाऊक असतो, इतकेच. आज आम्ही ज्या विषयाची ओळख करून देणार आहोत, त्याचे बीज या एवढ्याशा गोष्टीत आहे.

कोणतेही फिरते यंत्र थोडेफार थरथरतेच. अगदी निश्चल चालणारे यंत्र अद्याप कोणी घडविलेले नाही. पंख्याच्या एका पात्यावर मध्यापासून वीस सेंटिमीटरवर अवघी १० ग्रॅम घाण चिकटली आहे आणि पंखा मिनिटाला १४४० म्हणजे सेकंदाला २४ फेरे घेत आहे, असे समजा. त्या चिमूटभर घाणीचा बाहेरच्या बाजूस बसणारा ओढा साडेचार किलो वजनाइतका भरतो. शिवाय तो ओढा दर सेकंदाला २४ वेळा दिशा बदलतो. फेरे दुप्पट केले की ओढा चौपट! दिवसरात्र असे हिसके खाणारा दांडा, त्याचे बेअरिंग आणि पायाचे बोल्ट किती दिवस टिकतील, हे सांगावयास नको.

मग यंत्राची निगा राखावी कशी? एक मार्ग म्हणजे मोडेपर्यंत चालविणे. माणसे जसे दुखणे अंगावर काढतात तसाच हा प्रकार. दुसरा मार्ग पंचांगाचा: ठरलेले तास भरले की यंत्र खोलावयाचे आणि भाग बदलावयाचे. हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या किनारा-रक्षक विमानदलात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. तेथील लिबरेटर विमानांची दर ५० उड्डाण-तासांनी तपासणी होत असे. बिघाडांची नोंद मांडून पाहिली, तो सर्वांत अधिक बिघाड तपासणीनंतर लगेच होत आणि पुढे ते कमी कमी होत जात! अर्थ उघड होता. खोलणारे हातच चालत्या गाड्याला खीळ घालीत होते. ही हकीकत १९७३ साली ग्रंथरूपाने मांडणारे सी. एच. वॉडिंग्टन हे मूळचे जीवशास्त्रज्ञ होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरा मार्ग आमचा. यंत्र चालू असतानाच त्याची प्रकृती पाहावयाची आणि ते मागेल तेव्हाच हात लावावयाचा. यासाठी तेलात धातूचे कण उतरले आहेत काय हे पाहतात, बेअरिंग किती तापले ते मोजतात. परंतु फिरत्या यंत्राची सर्वांत बोलकी खूण म्हणजे त्याचे कंपन. जुने मिस्त्री लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवीत आणि मूठ कानाला लावीत. आज त्या जागी कंपन टिपणारा लहानसा संवेदक चिकटवितात. पद्धत तीच आहे. कान बदलला आहे.

आता यातील खरी गंमत. संवेदकाने टिपलेली रेषा नुसती पाहिली तर ती वेडीवाकडी, अर्थहीन भासते. मैफलीत तंबोरा, पेटी आणि तबला यांचा आवाज कानांवर एकत्रच येतो, तरी जाणता श्रोता ते वेगळे करतो. रेषेच्या बाबतीत हेच काम गणिताने होते. फ्रान्सचा फूरिये हा उष्णता कशी पसरते याचा विचार करीत होता. कसलीही गुंतागुंतीची लहर साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते, हा विचार त्याच्या १८२२ च्या ग्रंथातून प्रसिद्ध झाला. ती आकडेमोड हाताने करणे म्हणजे जन्मठेपच. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी ती झटपट करण्याची रीत संगणकाला दिली, आणि कारखान्यातला साधा तंत्रज्ञ क्षणात हे पृथक्करण करू लागला.

पृथक्करण झाले की प्रत्येक दोष आपापल्या संख्येने ओळखू येतो. आमची मोटार सेकंदाला २४ फेरे घेते असे धरू. थरथर मुख्यतः २४ चीच असेल तर तोल बिघडल्याचा संशय घ्यावा. ४८ ची जोरात असेल आणि दांड्याच्या लांबीच्या दिशेनेही धक्के बसत असतील, तर मोटार व पंप एका रेषेत बसलेले नाहीत असे समजावे. २४, ४८, ७२, ९६ अशी रांगच लागली तर आधी पायाचे बोल्ट पाहावेत.

बेअरिंगची कथा अधिक मनोरंजक आहे. (पाठ्यपुस्तके त्यास 'धारवा' म्हणतात; कारखान्यात हा शब्द आम्ही कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.) सर्वत्र मिळणाऱ्या ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये ९ गोळ्या असतात. दांड्याचा एक फेरा होतो तेव्हा गोळ्यांचा घोळका पुरा फेरा करीत नाही, सुमारे दोन-पंचमांशच सरकतो. म्हणून बाहेरच्या स्थिर कड्यात खड्डा पडला असेल, तर दर फेऱ्याला साधारण ३.६ गोळ्या त्यावरून जातात, म्हणजे सेकंदाला ८६ ठोके. खड्डा आतल्या कड्यात असेल तर १३०. यंत्र न खोलता, कोणत्या कड्याला जखम झाली ते सांगता येते! आम्हाला हे प्रथम कळले तेव्हा जादूच वाटली होती. वस्तुतः तो गुणाकार आहे.

किती थरथर सोसावी याचेही कोष्टक आहे. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने सुमारे वीस अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रांसाठी सेकंदाला ०.७१ मिलिमीटरपर्यंतचा कंपनवेग उत्तम आणि ४.५ च्या पुढचा धोक्याचा मानला. परंतु केवळ कोष्टकावर विसंबू नये. नेहमी ०.६ दाखविणारे यंत्र महिन्याभरात १.५ वर गेले, तर कोष्टक त्यास अजून चालण्याजोगे म्हणेल. आजी मात्र म्हणणार नाहीत.

मोजूनही न ऐकल्यास काय होते, याचे उदाहरण सैबेरियातील येनिसेई नदीवर घडले. सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत् केंद्रात १७ ऑगस्ट २००९ च्या सकाळी दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण उखडले, पाणी यंत्रगृहात घुसले आणि ७५ माणसे मेली. चौकशी-अहवालानुसार त्या टर्बाइनच्या बेअरिंगची थरथर अपघातापूर्वी ८४० मायक्रॉनवर गेली होती. मर्यादा होती १६०. झाकण धरणाऱ्या बोल्टांपैकी ४९ तपासले, त्यांतील ४१ मध्ये धातू थकून पडलेल्या भेगा होत्या. त्या संवेदकाचा आकडा विश्वसनीय होता काय, याविषयी पुढे वाद झाला. आमच्या मते तो वाद आरोप सौम्य करीत नाही. संवेदक खरा होता तर यंत्र थांबवावयास हवे होते. खोटा होता तर तो आधीच बदलावयास हवा होता.

आपल्यापैकी कोणाची गिरणी, छापखाना किंवा विहिरीवरचा पंप असेल, तर आरंभास फार खर्च नको. हातात धरण्याजोगे साधे कंपनमापक पुरते. प्रत्येक बेअरिंगच्या घरावर रंगाचा एक ठिपका द्यावा आणि दर वेळी तेथेच माप घ्यावे. बोटभर इकडेतिकडे झाले तरी आकडा बदलतो. यंत्रावर नेहमीचा भार असतानाच मोजावे, मोकळे फिरत असताना नव्हे. तारीख, आकडा, आणि त्या दिवशी ग्रीस घातले की पट्टा बदलला हे वहीत टिपावे. नवे बेअरिंग बसविले की पहिल्याच दिवशी माप घ्यावे, कारण पुढचे सारे आकडे त्याच्याशी ताडून पाहावयाचे असतात. आणि जुने बेअरिंग लगेच भंगारात टाकू नये. कापून, आतला खड्डा कोणत्या कड्यात निघाला ते पाहावे आणि तेही वहीत लिहावे.