गुंज: पाला गोड, बी विषारी

दिवाळी उलटली की शिवनेरी, नाणेघाट आणि भीमाशंकरच्या वाटांवर सहली सुरू होतात. याच दिवसांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत झुडपांवर, कुंपणांवर चढलेल्या गुंजेच्या शेंगा वाळून तडकतात आणि आतल्या लालभडक बिया उघड्या पडतात. मुलांचा हात आधी त्यांच्याकडेच जातो. म्हणून ही वेल मोठ्यांना नेमकी ओळखता यायला हवी.

गुंज वाटाणा, वाल, पावटा यांच्याच कुळातली. फुले लहान, फिकट गुलाबी-जांभळी, झुपक्याने येणारी. घडण पावट्याच्या फुलासारखी. वाटाण्याच्या पानाच्या टोकाला आधार धरणारे तंतू असतात, गुंजेला ते नसतात. तिचे बारीक खोडच आधाराला पीळ घालत चढते. पान चिंचेच्या पानासारखे दिसते. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पर्णिकांच्या ८ ते २० जोड्या असतात. शेंग साधारण ३ ते ५ सेंटिमीटर लांब. बी चकचकीत लाल आणि एका टोकाला काळा ठिपका. पांढऱ्या बियांची गुंजही असते, तीही विषारीच. रतनगुंजेची बी मात्र पूर्ण लाल असते आणि ती वेलीवर नव्हे, झाडावर येते.

गुंजेचा गोडसर पाला विड्यात घालतात. सोनाराच्या तराजूत ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा होई. अशा जुन्या ओळखीमुळे बीही निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तिच्यात ॲब्रिन हे अत्यंत जहाल विष असते. ते पेशीत शिरून प्रथिने तयार होण्याचे काम बंद पाडते आणि पेशी मरतात.

बीचे कवच टणक असते. पिकलेली बी अख्खी गिळली गेली, तर ती पुष्कळदा न पचता शौचावाटे बाहेर पडते. चावलेली, ठेचलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी धोक्याची. हिरव्या शेंगेतल्या कोवळ्या बीचे कवच मऊ असल्याने तीही घातक. आयुर्वेदात गुंजेची गणना उपविषांत होते आणि शोधनाशिवाय ती वापरत नाहीत. तेव्हा घरगुती औषध म्हणून बी उगाळणे टाळावे.

लक्षणे लगेच दिसत नाहीत. काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनी उलट्या, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात; जुलाबात रक्तही पडू शकते. शरीरातले पाणी कमी होऊन रक्तदाब उतरतो. मूत्रपिंड आणि यकृतावर परिणाम होऊ शकतो. ॲब्रिनवर उतारा नाही. सलाइन, क्षारांचे संतुलन आणि बारीक लक्ष हाच उपचार, आणि तो वेळेत सुरू झाला तर रुग्ण वाचण्याची शक्यता वाढते.

मुलाने बी खाल्ल्याचा संशय आला, तर तोंडातले उरलेले तुकडे काढून चूळ भरायला लावावी. मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. मूल खेळत असले तरी वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. उरलेली बी, शेंग किंवा वेलीची डहाळी पिशवीत घालून सोबत न्यावी. किती बिया, केव्हा, चावून की गिळून, एवढे सांगितले तरी डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.